पाठीवरचं वजन

गर्भगिरीचा डोंगर एका दमात चढली तर विजयमालाला वणव्यात गेलेल्या नवऱ्याच्या जागी वनमजुराची नोकरी मिळणार होती. थांबली की नापास. पाठीवर वजन म्हणून द्यायच्या वाळूच्या गोण्या अजून मंजूर व्हायच्या होत्या, म्हणून वनखात्याच्या साहेबांनी आग विझवायचा ब्लोअरच दिला. त्याचा पट्टा वितळून वाकडा झाला होता. त्या दिवशी नवऱ्याच्या पाठीवर हाच होता. खात्याच्या लेखी ब्लोअर तंदुरुस्त होता. तसा नवराही तंदुरुस्तच होता. अर्ध्या वाटेवर नवरा गेला तो जळका उतार आला आणि ब्लोअर एकदम जड झाला. कोणीतरी मागून गळ्यात हात टाकले होते. “थांबू नका बाई!” साहेब ओरडले. “धरून बसा, पर हलू नका,” ती मान मागे वळवून पुटपुटली. माथ्यावर साहेब म्हणाले, “पास! पण नेमणूक याच डोंगरावर. नको तर बदली मागा.” “नगं,” ब्लोअर न उतरवता ती म्हणाली, “ह्यांना सोबत हुईल.”