डोकं शेवटी

कयाक पालथी पडली होती आणि रविराज तिच्यात बसल्या बसल्या पाण्याखाली उलटा लटकला होता. वल्हं त्यानं डोक्यावर ताणून धरलं आणि दंडाच्या जोरावर बोट सुलटी करायला गेला. अर्धा वर आला, परत बुडाला. पिंपळे गुरवच्या पोहण्याच्या तलावातलं निम्मं पाणी त्याच्या नाकात गेलं असेल.

"रविराजदादा, हातानं उठू नका!" काठावरून पूनम ओरडली. कंपनीच्या क्लबाला कयाक ती शिकवायची. "कोपरं बरगड्यांशी. कंबरेला झटका द्या, आधी बोट फिरू दे. डोकं शेवटी. नाहीतर खांदा जाईल."

"कंबर काय हलवायची? मी काय वरातीत आलोय का?"

गडी चाकणला कारखान्यात, पत्रा दाबायच्या प्रेसवर. दंडाचा माज. त्यात शिकवणारी पोरगी. ऐकतोय कशाला!

शेजारच्या कयाकमध्ये त्याची बायको होती, आरोही. तिनं कोपरं आत घेतली, मुकाट पालथी झाली, कंबरेला हिसडा दिला आणि वर आली. डोकं शेवटी.

"अहो, सोप्पंय," ती म्हणाली आणि हसली. हसली तेच नडलं. पुढच्या खेपेला रविराजनं होता नव्हता तेवढा जोर हातांत आणला. खांद्यात कट्‌ झालं.

हात झोळीत घालून तो आरोहीला घेऊन गावी आला. दुसऱ्या दिवशी यात्रा. भैरवनाथाच्या पालखीचा पुढचा खांदा भावकीत घरोघर फिरतो. यंदा यांचं घर. घरचा खांदा नसला की मान चुलत्याकडे. चुलता ज्ञानदेव फेटा बांधून तयारच होता. बायका नेहमीसारख्या पदर ओढून, माना खाली घालून कडेला.

"दादा, खांदा कुठाय तुमचा?" ज्ञानदेवनं रविराजच्या बापाला विचारलं.

म्हातारा चिमाजी गुडघ्यांनी खचला होता, तोंडानं नाही. "हाय की. ही सून."

"बाईमाणूस? असं कधी झालंय व्हय?"

"झालं न्हाई. चालत न्हाई असं कोण म्हणलं? देव म्हणला का तू?"

गाव देवाकडं बघायला लागलं. देव तर आधीपासूनच गप्प.

आरोहीनं पदर खोचला आणि दांडीखाली खांदा दिला. बाकीचे तिघे सरसावले. पण चार माणसं बघतात म्हटल्यावर तिची कोपरं फाकली, ती हातांनीच दांडी रेटायला लागली.

"ए, हातानं न्हाई!" झोळीतला हात विसरून रविराज पुढं धावला. ज्ञानदेवला ढकलून, अख्ख्या गावासमोर स्वतःची कंबर हलवून दाखवत ओरडला, "कोपरं आत! कंबर दे, कंबर! अन् डोकं..."

"माहितीये हो!"

पालखी उठली. डोकं तिनं सगळ्यात शेवटी वर केलं. पण केलं.