एकाच्या खाली

कॅमेरा रुळावरून सरकत टोकाला गेला, थांबला, आणि पडद्यावर आकडा उमटला : ०.९४.

मापन विभागातल्या बाईंनी आधी आकड्याकडे पाहिलं, मग टेबलापलीकडे उभ्या नवऱ्याकडे. लेझर त्याने बनवायचा आणि त्यांनी मोजायचा. घरातही साधारण अशीच वाटणी होती. गडद हिरव्या सुरक्षा-चष्म्यामागे त्याचे डोळे दिसत नव्हते.

"कमी आला ना?" तो म्हणाला. "मी म्हटलंच होतं."

"जरा जास्तच कमी आला."

साहेब दारातून डोकावले. गिऱ्हाईक त्यांनी शेजारच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. "किती?"

"पॉइंट चौऱ्याण्णव."

"वा! एक पॉइंट तीनच्या वर गेला असता, तर याच्याकडचं हे लेझरचं टेबल मी आजच दुसऱ्या इंजिनिअरला देणार होतो."

"साहेब, निर्दोष किरणाचा आकडा एक," बाई म्हणाल्या. "खरा किरण एकाच्या वर. जितका पसरट, तितका वर. एकाच्या खाली काही नसतंच."

साहेब विक्री विभागातून वर आलेले होते. "म्हणजे आपण निर्दोषाच्याही पुढे गेलो!" असं म्हणून ते गिऱ्हाइकाकडे धावले.

बाई संशयी म्हणून प्रसिद्ध होत्या. कोणी 'गुड मॉर्निंग' म्हटलं तरी आधी घड्याळ बघायच्या. आज मात्र सकाळपासून स्वारी खुशीत होती. न्हाणीघरातल्या काट्यावर वजन पुन्हा उतरलेलं दिसलं होतं, तेही गोड न सोडता. नवऱ्याने तोंडभरून कौतुक केलं होतं. त्या आकड्याबद्दल बाईंना काहीही शंका आली नव्हती.

या आकड्याबद्दल आली. खोलीतला फालतू उजेड मोजणीत येऊ नये म्हणून मंद प्रकाशाकडे काणाडोळा कर, असं कॅमेऱ्याला सांगता येतं. बाईंनी ती सेटिंग उघडली. काणाडोळा कसला, कॅमेऱ्याने डोळाच मिटून घेतला होता. किरणाभोवतीची सगळी धूसर झालर छाटली गेली होती.

"अहो, हे कोणी वाढवलं?"

नवरा थोडा वेळ टेबलावरचा स्क्रू घट्ट करत राहिला. तो आधीच घट्ट होता.

"थोडंसंच वाढवलं. फोटो काढताना पोट आत घेतो ना, तसं."

"इतकं आत घेतलंत की पाठीतून बाहेर आलं."

त्यांनी सेटिंग होती तशी केली. कॅमेरा पुन्हा निघाला. पडद्यावरच्या देखण्या गोल ठिपक्याभोवती हळूहळू झालर उगवली, फाटकी, एका बाजूला लोंबणारी. आकडा आला : १.६८.

"अगं, थोडं छाट," तो हलक्या आवाजात म्हणाला. "एक पॉइंट दोनवर आण. तेवढ्याचा कोणालाच संशय येणार नाही."

"मला आलाय ना."

बाईंनी अहवालात १.६८ लिहिलं आणि सही केली.

"टेबल गेलं माझं," तो म्हणाला.

"गेलं. किरण सुधारा, मग दोघं जाऊन मागू."

"मी काय कोणाचं वाईट केलं? आकडा बघून माणसाला बरं वाटतं. साहेब किती खूश झाले, पाहिलंस ना? जरा बटण फिरवायचं, समोरच्याचा दिवस चांगला जातो."

बाईंनी लेझरचं शटर बंद केलं. दोघांनी चष्मे काढून ठेवले. अहवाल घेऊन त्या दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थबकल्या. मग सावकाश मागे वळल्या.

"अहो, तो काटा…"

"कुठला काटा?"

"न्हाणीघरातला."

शटर बंद होतं. खोलीत एकही किरण नव्हता. तरी त्याने टेबलावरचा चष्मा उचलला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.