जिन्याची वीस मिनिटं

"आठवड्याला वीस तासांच्या वर काम करता, म्हणजे धडधाकट झालात. अपंग भत्ता बंद," भत्ता कचेरीतला साहेब मान वर न करता म्हणाला. छापखान्यात पुस्तकं शिवणारी बाई टेबलावर पुढं झुकली. "अहो, काम तेवढंच! हजेरीचं मशीन पूर्वी तिसऱ्या मजल्यावर होतं, मालकानं खाली दारात आणलं. आता आधी अंगठा लावते, मग या कुबडीवर जिना चढते. चढायला वीस मिनिटं, उतरायला वीस. तीही तुम्ही कामात धरलीत!" "मशीन खोटं बोलत नाही, ताई." त्यानं चहात बिस्किट बुडवलं. उष्टा कप तिच्या डॉक्टरी दाखल्यावरच टेकवला.  तिनं कपाखालून दाखला ओढला. "तक्रार वरच्या मजल्यावर द्या. लिफ्ट बंद आहे," तो म्हणाला. जिन्यापाशी जाऊन पहिल्या पायरीवर कुबडी आपटत ती ओरडली, "घड्याळ लावा साहेब, मी कामाला लागलेय!"