राहीचं मागणं

सदाने सकाळची शर्यत जिंकली आणि त्याची आई राही धास्तावली.

रेवदंड्याच्या किनाऱ्यावर नुसता आरडाओरडा चालला होता. पंचांच्या खांद्याखाली येणारा हा पोरगा मुंबईच्या कॉलेजात शंभर यार्डांत पहिला येतो, हे कोळीवाड्याने ऐकलं होतं, पाहिलं आज. एरवी सगळे त्याला 'जवळा' म्हणून चिडवायचे. सुकटातला सगळ्यात बारका जीव तो. आज त्याच जवळ्याला डोक्यावर घेऊन नाचत होते.

नौदलाचे दोन साहेब खेळाडू निवडायला आले होते. सदाची उंची नियमात बसत नव्हती. पण साहेब म्हणाले, "उद्याच्या हुतूतूतही असाच खेळलास, तर उंचीचं आम्ही बघून घेऊ."

"नशीब काढलंस गो राही!" शेजारची गोदूबाई म्हणाली. "सरकारी पगार, पांढरा कडक गणवेश!"

राही हसली. चार वर्षांपूर्वी एकाच वादळात तिचा नवरा कोंडाजी आणि थोरला लेक धर्माजी, दोघेही गेले होते. सदा तेवढा उरला होता. त्याला होडीवर पाय ठेवू द्यायचा नाही म्हणून तर तिने टोपली डोक्यावर घेऊन मासळी विकली आणि त्याला शिकवलं.

"उद्या चौलकडून भागोजी खेळणार हाय?" तिने विचारलं.

"व्हय तर. त्याच्या पकडीत गावला तो सुटला न्हाय कधी. मागल्या साली मुरुडच्या गड्याला खाटेवर घालून नेला."

"नळीचं हाड सांधतं का गो?"

"सांधतं. चालता येतं, पळता येत न्हाय. पण तू आजच्या दिवशी असलं अभद्र काय बोलतेस?"

दुपारी जेवण तसंच टाकून राही चौलला निघाली.

भागोजी एका वाडीत नारळ पाडायच्या कामाला होता. चांगला दांडगा गडी. त्या वादळात तो धर्माजीबरोबर त्याच होडीवर होता. समुद्राने त्याला एकट्याला परत दिलं, आणि त्याने समुद्राचं तोंड पाहणंच सोडलं. राही समोर दिसताच त्याने मान खाली घातली.

"मावशे, तू कशाला चालत आलीस? सांगावा धाडायचास."

"उद्या तू सदासमोर खेळणार ना?"

"व्हय."

"माझा एवढाच एक उरलाय, भागोजी."

"ठावं हाय मला."

मग तिने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याच्याजवळ जाऊन आपलं मागणं सांगितलं. भागोजीच्या हातातला दोर गळून पडला.

"न्हाय मावशे. खेळात असं करत न्हाय. कळलं तर लोक तोंडावर थुंकतील माझ्या."

"धर्माजीचा हात तुझ्याच हातातनं सुटला ना? मी तुला कधी एक शब्द बोलले?"

भागोजी खाली पडलेला दोर गुंडाळू लागला. माणसाने सरळ शिव्या द्याव्यात, त्या परवडतात.

"बघतो," तो म्हणाला. "मैदानात सगळं आपल्या हातात नसतं, मावशे."

राही आजवर सदाचा एकही सामना बघायला गेली नव्हती. तिला ते बघवतच नसे. दुसऱ्या दिवशी मात्र ती सगळ्यांत पुढे जाऊन बसली.

सदाने धमाल केली. सात दांडग्यांमधून तो असा निसटायचा की ते एकमेकांवरच आपटायचे. दोनदा तो भागोजीच्या अगदी पुढ्यातून गेला. दोनदा भागोजीचा हात पुढे आला आणि मागे गेला. चौलची माणसं भागोजीच्या नावाने बोंब मारू लागली. नौदलाचे साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते.

राही उठून उभी राहिली. भागोजीने तिच्याकडे पाहिलं.

पुढच्या चढाईत सदा रेषेकडे परतत असताना भागोजीने त्याचा घोटा धरला. सदा हातावर आपटला आणि भागोजी सगळ्या अंगानिशी त्याच्या पायावर पडला. हाड मोडल्याचा आवाज पार मागे उभ्या असलेल्यांनीही ऐकला.

राहीने अशी किंकाळी फोडली की बायाबापड्यांना रडू आवरेना.

हाडवैद्याने पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या, मोडलेलं उजवं मनगटही बांधलं. सदा चालेल, पण पळण्याचं आता विसरा, म्हणाला. साहेब हळहळले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या लाँचने निघून गेले.

दुपारी भागोजी शहाळी घेऊन आला. कोळीवाड्यातली पोरं त्याच्या अंगावर धावून गेली. सदानेच त्यांना आतून ओरडून थांबवलं.

"दादा, खेळात होतं असं," तो पडल्यापडल्या म्हणाला. "तू काय मुद्दाम केलंस?"

भागोजी हमसून हमसून रडला. त्याच्याने तिथे बसवेना.

राही त्याला पोचवायला कुंपणापर्यंत आली. आसपास कुणी नाही असं तिने बघून घेतलं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"मी पाय सांगितला होता, भागोजी," ती हलकेच म्हणाली. "माझ्या लेकराचा हात कशाला मोडलास?"