डावे हात

बी.एड.चा शेवटचा परीक्षा-पाठ होता आणि मागच्या बाकावर परीक्षक बाई गुणपत्रक घेऊन बसल्या होत्या. "खिळा बुडतो, मग जहाज का बुडत नाही? कोण सांगेल?" हेमांगीने विचारलं, तसे सातवीच्या वर्गातले एकूण एक हात वर झाले. परीक्षक बाईंनी समाधानाने मान डोलावली.

हेमांगी मात्र कुठला हात वर आहे ते बघत होती. कॉलेजातल्या रीतीप्रमाणे कालच तिने मुलांना पढवलं होतं, की उत्तर येत असेल तर उजवा हात, नसेल तर डावा. आता शिकवणीला जाणारा एकटा ओजस सोडला, तर सगळे हात डावे होते. ओजसला उभं केलं असतं तर गुण पदरात पडले असते, बी.एड. पार पडलं असतं.

"हात खाली घ्या," ती म्हणाली. "कळलं नाही, तर मधेच विचारलं का नाही?"

पहिल्या बाकावरची रुक्साना हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही नापास झाल्या असत्या ना."

हेमांगीने फळ्यावरचं घनतेचं सूत्र पुसून टाकलं. खिचडीच्या शेडमधून पाण्याची बादली आणि स्टीलची वाटी मागवली. वाटी अलगद ठेवली की तरंगायची, कलती केली की पाणी भरून तळाला जायची. मुलं भांडू लागली, मग भांडता भांडता विचार करू लागली.

घंटा झाली तेव्हा लिहून आणलेल्या टाचणातला अर्धा पाठ शिल्लक होता. गेले गुण, असं मनाशी म्हणत हेमांगीने वर पाहिलं, तर परीक्षक बाई मुलांच्या घोळक्यामागे टाचा उंचावून उभ्या होत्या.

"सरका रे जरा," त्या म्हणत होत्या, "मला दिसत नाहीये."