दोन मिलिसेकंद

“यंत्र थांबवायचं बटण तुमच्या वडिलांनीच उशिरा दाबलं, म्हणून जीव गेला. वय झालं होतं, हात कुठे चालत होते?” व्यवस्थापकाने चाचणीचा अहवाल तिच्यापुढे टाकला. बटणाचा संदेश नेटवर्कवरून यंत्रापर्यंत दोन मिलिसेकंदांत पोहोचतो, असं त्यात ठासून लिहिलं होतं.

“सगळी यंत्रं एकदम चालली की नेटवर्क तुंबतं, संदेश रखडतो, असं बाबा वर्षभर तुमच्या कानीकपाळी ओरडत होते. चाचणी सगळी यंत्रं चालू असताना घेतलीत ना?”

“उगाच खुसपटं काढू नका, बाई. चूक त्यांचीच, असं लिहून द्या आणि विषय संपवा.”

तिने अहवालातली चाचणीची तारीख पाहिली.



त्या दिवशी बाबांच्या दुखवट्यासाठी अख्खा कारखाना बंद होता.