पाचवा प्रश्न

"पोलिसांनी चारच प्रश्न विचारलेत, मॅडम. उत्तरंही चारच द्या," न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले आणि तिचाच अहवाल त्यांनी तिच्यापुढे सरकवला. शेवटच्या परिच्छेदावर लाल फुली होती.

टेबलापलीकडे तपास अधिकारी चहा निववत बसले होते. दारात कोर्टाचा शिपाई अहवाल न्यायला टपालाची वही घेऊन उभा.

इस्पितळाचे संगणक ती अकरा दिवस तपासत होती. एका रुग्णाच्या औषधाची मात्रा दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी दसपट केली गेली. रुग्ण दगावला. नोंद परिचारिकेच्या पासवर्डने झाली, म्हणून परिचारिका कोठडीत. चारही उत्तरं परिचारिकेच्या विरोधातच जात होती. फुली मारलेल्या परिच्छेदात एवढंच होतं : मात्रा बदलली ती डॉक्टरांच्या केबिनमधल्या संगणकावरून. त्याच मिनिटाला, त्याच पासवर्डने, तिसऱ्या मजल्यावर दुसऱ्याच रुग्णाचा ताप नोंदवला गेला होता.

"एक बाई एका वेळी दोन मजल्यांवर कशी असेल, साहेब?" तिने अधिकाऱ्यांना विचारलं. "तुम्ही पाचवा प्रश्न लिहून द्या, मी उत्तर देते."

"मला तो विचारायचाच नाहीये."

"मग मी सही करत नाही."

"नका करू," प्रमुख शांतपणे म्हणाले. "शेजारच्या टेबलावरचे तुमचे सहकारी करतील. ते तर तिसऱ्या मजल्याचा संगणक उघडूनही बघणार नाहीत."

शेजारच्या टेबलावरच्यांनी पुढची फाईल ओढली.

ती उभी राहिली. पुन्हा बसली. सही नाकारली, तर अहवालावरून तिचं नाव जाणार होतं. कोर्ट तिला साक्षीला बोलावणारही नव्हतं.

तिने परिच्छेद काढला आणि नवी प्रत छापली. तळाशी नेहमीची ओळ होती : 'वरील अहवाल खरा व पूर्ण आहे.' तिने खाली सही केली. मग पेन पुन्हा कागदावर टेकवून तिने 'व पूर्ण' या शब्दांवर आडवी रेघ ओढली, खोडलेल्या जागी नियमाप्रमाणे छोटी सही केली, तारीख घातली आणि अहवाल थेट शिपायाच्या हातात दिला.

अधिकारी खुर्ची मागे सारून उठले. "हे काय खोडलंत? काय राहिलंय त्यात?"

"सांगते की," ती म्हणाली. "कोर्टात कुणी विचारलं तर."